रानडुक्कर आणि बिबट्या: शेतकऱ्याच्या हिशेबांतील दोन जनावरें

जव्हार व मोखाडा या तालुक्यांत भाद्रपद लागला म्हणजे शेतकऱ्याच्या मागें दोन काळज्या एकदमच लागतात. वरकस जमिनींत नागली व वरई निसवूं लागलेली असते, खाचरांतील हळवा भात चिकावर आलेला असतो, आणि रात्रीं डुकरांचा कळप बांध ओलांडून आंत उतरेल या धास्तीनें डोळ्यास डोळा लागत नाहीं. त्याच सुमारास पाड्याच्या कडेला ओल्या वाटेवर बिबट्याचीं पावलें उमटलेलीं दिसलीं कीं शेळ्याकरडांची व त्याहून अधिक लेंकरांची चिंता सुरू होते. मग गांवांत बोलणें निघतें कीं, "या रानच्या जनावरांचा एकदां बंदोबस्त केला पाहिजे."

बंदोबस्त करावा हें खरें. परंतु दोन्ही जनावरांस एकाच नांवाखालीं घालून दोहोंवर एकच उपाय योजणें ही मोठी चूक होय. भाताचा करपा व भातावरील तुडतुडे यांस आपण एक औषध मारीत नाहीं. रोग निराळा तर उपाय निराळा हें आपणांस ठाऊक असतें. जनावरांचेंही तसेंच आहे. रानडुक्कर व बिबट्या हीं दोन जनावरें एकाच रानांत राहतात, एकाच ओढ्यावर पाणी पितात, आणि दोघेंही रात्रीं फिरतात; एवढें साम्य सोडलें तर त्यांच्यांत अंगापासून स्वभावापर्यंत सर्वच निराळें आहे. तें निराळेपण नीट समजून घेतलें तर आपलें धान्य, आपलीं गुरें व आपलीं माणसें राखण्याचें काम पुष्कळ सोपें होतें. याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

मुलुखाची ठेवण

समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीवर जव्हार गांव वसलें आहे. पूर्वेस मोखाड्याकडे जमीन आणखी चढत जाऊन सूर्यमाळेच्या पठारास भिडते. पूर्वीं हा मुलूख मुकण्यांच्या जव्हार संस्थानांत मोडत असे; १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत आहेत. पाऊस धो धो पडतो, पण डोंगरउतारावरून वाहून जातो. यामुळें बहुतेकांचें सारें वर्ष एका खरीपावर अवलंबून असतें. सपाट खाचरांत भात, उतारावर नागली व वरई, त्याचबरोबर उडीद, तूर व खुरासणी हीं येथील पिकें होत. अलीकडे आंबा व काजूच्या वाड्या आणि मोगऱ्याची लागवड यांनीं थोडा हातभार लावला आहे.

शेतें लहान, विखुरलेलीं, आणि प्रत्येक तुकड्याच्या एका तरी अंगास रान, अशी येथील स्थिति असल्यामुळें राखण करणें अवघड जातें. सलग काळ्या रानांत शंभर एकर पीक असतां डुकरांनीं दोन गुंठे खाल्ले तर मालकास फारसें जाणवत नाहीं. परंतु दहा गुंठे नागलीच्या धन्याचे दोन गुंठे एका रात्रींत गेले म्हणजे त्याच्या घरच्या भाकरीचाच पांचवा हिस्सा गेला. नुकसान मोजावयाचें तें या मापानें मोजलें पाहिजे.

शरीर व इंद्रियें

रानडुक्कर हा खुरांचा प्राणी आहे. पायास चार बोटें असून मधल्या दोहोंवर सर्व भार असतो, मागचीं दोन मऊ जमिनींतच टेकतात. अंग पुढें भारी व मागें उतरतें, मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ, आणि तोंडाच्या टोकास कुर्च्यानें घट्ट झालेला सोंडका. हा सोंडका म्हणजेच त्याचा नांगर. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्याही पुढें जातो. त्याचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर घांसून सदैव धारदार राहतात, म्हणूनच जखमी किंवा कोंडलेला डुक्कर अत्यंत घातक ठरतो.

बिबट्या पंजाचा प्राणी. अंग लांबट व लवचिक. नर साधारण पन्नास ते सत्तर किलो, मादी त्याहून बरीच हलकी. वजनानें तो मोठ्या डुकराहून कमीच भरतो, परंतु आपल्याएवढ्या वजनाची शिकार तोंडांत धरून झाडावर चढविण्याची ताकद त्याच्या मानेंत व खांद्यांत असते. नख्या तो चालतांना म्यानांत ठेवितो, त्यामुळें त्या बोथट होत नाहींत. अंगावरील ठिपक्यांच्या फुलांची मांडणी प्रत्येक बिबट्याची निराळी असते. रानांत ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या चित्रांवरून अभ्यासक त्यांची मोजदाद करितात ती याच खुणेनें.

दांतांची संख्या पाहिली तरी दोघांचा धंदा कळतो. डुकरास ४४ दांत असतात. पुढचे उपटण्यास, सुळे लढण्यास व दाढा दळण्यास. बिबट्यास अवघे ३०. त्याच्या दाढा दळीत नाहींत, कात्रीप्रमाणें मांस कापतात.

इंद्रियांचा भेद तर राखणदारानें अवश्य ध्यानांत ठेवावा. डुकराची दृष्टि मंद, पण घ्राण फार तीक्ष्ण. जमिनीखालचा कंदही त्यास वासानें कळतो. म्हणून वारा शेताकडून रानाकडे वाहत असेल तर माळ्यावरील माणसाचा सुगावा त्यास आधींच लागतो व तो दुसऱ्या बाजूनें शिरतो. बिबट्याचे डोळे अंधुक प्रकाशांत आपल्याहून कित्येक पटींनीं चांगले काम देतात व कान अतिशय तिखट असतात; तो पाहून व ऐकून शिकार करितो.

आहार

डुक्कर सर्वभक्षी आहे. कंद, मुळें, गळालेलीं फळें, मोहाचीं फुलें, गवत, किडे, गांडुळें, बेडूक, पक्ष्यांचीं अंडीं, मेलेलें जनावर, कांहींही त्यास चालतें. पावसाच्या अखेरीस दाणा भरूं लागला कीं धान्याचें शेत म्हणजे त्याच्या दृष्टीनें एकाच जागीं वाढून ठेवलेलें ताट. तो खातो त्याहून तुडवितो व लोळवितो अधिक. रताळें, करांदे, सुरण यांचे वाफे तर तो मुळापासून उलथून टाकितो. न्यायाचें बोलावयाचें तर त्याचा कांहीं उपयोगही आहे: रानांतील जमीन उकरून तो बियांस रुजण्यास जागा करून देतो, हुमणीसारख्या अळ्या खातो आणि मेलेलीं जनावरें संपवितो. परंतु हे उपकार रानावर, शेतावर नव्हेत.

बिबट्या निव्वळ मांसाहारी. नागलीचें एक कणीसही त्याच्या पोटांत जात नाहीं. ससा, माकड, भेकर, डुकराचीं पिल्लें, घुशी, कोंबड्या, कुत्रीं, शेळ्या, वासरें, जें सहज सांपडेल तें तो खातो. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले भागांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबट्याच्या विष्ठेचें परीक्षण केलें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत असें दिसलें कीं, वस्तीजवळ राहणाऱ्या बिबट्यांच्या खाण्यांत पाळीव व गांवठी जनावरांचा भाग वजनानें ८७ टक्के होता, आणि त्यांत सर्वांत मोठा वांटा, म्हणजे ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या त्या मुलुखांत कुत्र्यांहून पुष्कळ अधिक असूनही त्या कमी मारल्या गेल्या होत्या, कारण त्या रात्रीं गोठ्यांत असतात व कुत्रीं मोकळीं हिंडतात. या एका गोष्टींत उपायाचें अर्धें बीज आहे.

संसार व वंशविस्तार

डुकरांच्या माद्या व पिल्लें कळपानें राहतात. मोठे नर एकटे हिंडतात व माजाच्या वेळींच कळपांत येतात. मादी सुमारें ११५ दिवसांनीं विते आणि एका वेळीं चार ते आठ पिल्लें देते. पिल्लांच्या अंगावर लांबट पट्टे असतात, ते कांहीं महिन्यांनीं मावळतात. वर्षा-दीड वर्षाची मादी स्वतः विण्याजोगी होते.

बिबट्या एकटा राहतो. नर व मादी यांचे आपापले टापू ठरलेले असतात आणि झाडांवर नख्या ओरबाडून व मूत्र शिंपडून ते आपली हद्द कळवितात. मादीचा गर्भ सुमारें तीन महिन्यांचा; पिल्लें बहुधा दोन किंवा तीन, आणि तीं आईबरोबर दीड वर्षाच्या आसपास राहतात. तोंवर ती पुन्हां वीत नाहीं.

यांतून निघणारा हिशेब महत्त्वाचा आहे. दहा डुकरें मारलीं तरी उरलेल्या माद्या एका-दोन वर्षांत तूट भरून काढितात. उलट एक बिबट्या नाहीसा केला तर त्याचा टापू रिकामा पडतो, आणि तेथें दुसरा, बहुधा तरुण व त्या मुलुखास अपरिचित असा बिबट्या येतो. एकास मारून संख्या घटत नाहीं व दुसऱ्यास हलवून जागा रिकामी राहत नाहीं.

हें नुसतें तर्कट नव्हे. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर वनविभागांत पकडलेले बिबटे दूरच्या रानांत नेऊन सोडण्याचा क्रम २००१ सालापासून जोरानें सुरू झाला. त्यापूर्वीं तेथें माणसांवर सरासरीनें वर्षास ४ हल्ले होत. तो क्रम सुरू झाल्यावर ती सरासरी १७ वर गेली, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानें दाखविलें. घरांतून उचलून परक्या गांवीं सोडलेलें जनावर गोंधळतें, भितें व परत फिरतें. २००९ सालीं पारनेर तालुक्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींत पडलेला एक नर काढून, गळ्यांत यंत्राचा पट्टा बांधून माळशेज घाटांत सोडला; तो कसाऱ्याचा लोहमार्ग ओलांडून, सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईच्या बाजूच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या रानांत जाऊन पोहोंचला. वाटेंत त्यानें एकाही माणसास इजा केली नाहीं. अभ्यासकांनीं त्याचें नांव "आजोबा" ठेविलें होतें. २०११ सालीं तो रस्त्यावर वाहनाच्या धक्क्यानें मेला.

वाघोबाचा शेजार

आपल्या वाडवडिलांस हीं आंकड्यांचीं टिपणें ठाऊक नव्हतीं. परंतु शेजाऱ्याशीं कसें वागावें हें ठाऊक होतें. वारली, महादेव कोळी, ठाकूर या समाजांत वाघदेवाची, म्हणजेच वाघोबाची पूजा परंपरेनें चालत आली आहे. लांकडी फळीवर किंवा दगडावर वाघ, चंद्र व सूर्य कोरून तो पाड्याच्या शिवेवर बसवितात, आणि आश्विन वद्य द्वादशीस वाघबारस पाळितात. पालघर, ठाणें व मुंबई उपनगर या भागांतील दीडशेच्या आसपास वाघोबांच्या स्थानांची नोंद करून अभ्यासकांनीं २०२१ सालीं ती प्रसिद्ध केली. पट्टेरी वाघाचें येथील वास्तव्य केव्हांच संपलें, पण वाघोबाचें नांव त्याच्या धाकट्या भावाकडे, बिबट्याकडे, चालत आलें. त्या पूजेचा व्यावहारिक अर्थ असा कीं, त्याचा वांटा त्यास आहे, आपला वांटा आपणांस आहे, आणि गुरें राखण्याचें काम मात्र आपलें आहे. डुकराचें असें देऊळ सहसा कोठें नाहीं. त्याच्यासाठीं माळा, टेंभा व आरोळी.

एकासाठीं लावलेला फांसा दुसऱ्यास

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. बिबट्या डुकराचीं पिल्लें व पाठीवरचीं तरुण डुकरें मारितो. मोठ्या नराच्या वाटेस तो सहसा जात नाहीं. त्यामुळें "बिबट्या आहे म्हणून डुकरें नाहींत" असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु या डोंगरांत डुकराच्या पिल्लांस धाक घालणारा एवढा मोठा दुसरा शिकारी आज उरलेला नाहीं, हेंही तितकेंच खरें. अशा स्थितींत डुकरासाठीं वाटेवर तारेचा फांसा लाविला तर तो कोणाचा पाय अडकवील हें फांशास कळत नाहीं. बिबट्या, भेकर, शेजाऱ्याची शेळी, कोणीही त्यांत सांपडतें. फांशांत कमरेस अडकलेला बिबट्या पाहावयास गांव लोटतें, आणि पिसाळून सुटलेलें जनावर समोरच्या माणसावर पडतें. विजेच्या खांबावरून चोरून घेतलेली तार बांधाला लावणें तर त्याहून भयंकर. महाराष्ट्रांत अशा तारांनीं माणसें मेल्याच्या बातम्या वरचेवर येतात, आणि मरणारा बहुधा पहांटे पाणी पाहावयास निघालेला शेजारी किंवा खुद्द घरचाच माणूस असतो. विष घातलेल्या पिठाच्या गोळ्यांनीं प्रथम कुत्रीं व गुरें मरतात. दोन गुंठे नागलीपायीं एक जीव, हा व्यापार कोणत्याही हिशेबानें बुडीतच ठरतो.

खुणा कशा ओळखाव्या

नुकसान कोणीं केलें हें सकाळींच पाहून ठेवावें. भरपाई मागतांनाही त्याचा उपयोग होतो. डुकराचा माग दुखुरी असतो, आणि चिखलांत त्याच्या मागें दोन्ही अंगांस लहान बोटांचे दोन ठसे उठतात. शेळीच्या मागांत ते दिसत नाहींत. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली, ताटें बुडाशीं मोडलेलीं व चघळून टाकलेले चोथे हें डुकराचें काम. कंद स्वच्छ कुरतडलेले असून जवळ काटे पडलेले असतील तर तें साळिंदराचें. बिबट्याचें पाऊल वाटोळें, चार बोटांचें, आणि त्यांत नखांचे ठसे नसतात. कुत्रा व तरस यांच्या पावलांत नखें स्पष्ट उमटतात. शेळीच्या गळ्यावर सुळ्यांच्या खोल खुणा असून ती झुडपाकडे ओढून नेलेली असेल तर बिबट्या. मागच्या मांड्या व पोट ठिकठिकाणीं फाडलेलें असेल तर बहुधा मोकाट कुत्रीं.

डुकरांवर उपाय

डुक्कर पिकासाठीं येतो, म्हणून पीकच राखावें लागतें. पहिली गोष्ट, बांधालगतचीं करवंदीचीं व घाणेरीचीं जाळीं आठ-दहा हात मोकळीं करावीं. उघड्या जागेंतून शेतांत शिरण्यास कळप कचरतो. दुसरी, शेजाऱ्यांनीं मिळून एकाच वाणाची पेरणी व लावणी जवळजवळ एकाच आठवड्यांत करावी. सर्व पीक एकदम तयार झालें म्हणजे नुकसान विभागलें जातें. जो एकटाच लवकर वा उशिरां पिकवितो त्याचें शेत डुकरांचें जेवणघर होतें. तिसरी, राखण पाळीपाळीनें सर्व पाड्यानें करावी, आणि ती दाणा चिकावर आल्यापासून कापणीपर्यंतच नेटानें करावी. माळ्याची जागा व आवाजाची तऱ्हा दर दोन-तीन रात्रींनीं बदलावी, कारण एकाच जागच्या दिव्यास व बुजगावण्यास डुक्कर लवकर सरावतो.

करडईच्या कांटेरी ओळी कडेनें पेराव्या असें पुष्कळ ठिकाणीं सुचविलेलें असतें. देशावर तें ठीक. परंतु करडई हें रब्बीचें पीक, तें जव्हाराच्या पावसांत टिकणार नाहीं. येथें सागरगोटा, निवडुंग व करवंदीचें दाट जिवंत कुंपण अधिक उपयोगी. मात्र तें एकट्याच्या तुकड्यास न घालतां सबंध शिवारास घालावें. सूर्यशक्तीवर चालणारें झटक्याचें कुंपण क्षणभर धक्का देतें, जीव घेत नाहीं. खांबावरील चोरट्या तारेंत व त्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. त्यास डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेखालीं अनुदानाची तरतूद करण्यांत आली आहे. आपलें गांव त्यांत बसतें किंवा कसें, याची वनखात्याच्या कचेरींत चौकशी करावी.

बिबट्यावर उपाय

बिबट्या पिकासाठीं येत नाहीं, सोप्या भक्ष्यासाठीं येतो. म्हणून भक्ष्य अवघड करावें. शेळ्यांचा गोठा चोहों बाजूंनीं व वरूनही बंद असावा, दारास पक्की कडी असावी. कुडाच्या भिंतीस आंतून जाळी मारावी. अंगणांत खुंट्यास बांधलेली शेळी म्हणजे आमंत्रणच. मेलेलीं जनावरें व कोंबड्यांची घाण पाड्याजवळ टाकूं नये. त्यावर मोकाट कुत्रीं पोसतात व कुत्र्यांमागें बिबट्या येतो. तिन्हीसांजेपासून लहान मुलांस एकटें बाहेर सोडूं नये. शौचासाठीं अंधारांत रानाकडे जाणें टाळावें. रात्रीं चालतांना बत्ती बाळगावी व मोठ्यानें बोलत जावें. समोर आलाच तर पळूं नये, वांकूं नये. उभें राहून, हात वर करून, ओरडत सावकाश मागें सरावें. गवतांत पिल्लें दिसलीं तर तीं उचलूं नयेत. आई जवळच असते व रात्रीं नेते. विहिरींत पडलेल्या किंवा घरांत शिरलेल्या बिबट्याभोंवतीं गर्दी करूं नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर खबर द्यावी, आणि लोकांस दूर ठेवण्याचें काम गांवच्या जाणत्यांनीं हातीं घ्यावें.

कायदा व भरपाई

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें दोन्ही जनावरांस संरक्षण दिलें आहे, परंतु सारखें नव्हे. २०२२ सालच्या दुरुस्तीनंतरही बिबट्या पहिल्या अनुसूचींत राहिला. त्या अनुसूचींतील जनावर मारणाऱ्यास किमान तीन वर्षांची कैद सांगितली आहे. रानडुक्कर पूर्वीं तिसऱ्या अनुसूचींत होता, तो त्या दुरुस्तीनें दुसऱ्या अनुसूचींत आला. पिकास उपद्रव देणाऱ्या डुकरास मारण्याची परवानगी अधिकार असलेल्या वनाधिकाऱ्याकडून लेखी मिळूं शकते. परवानगीवांचून मारणें हा गुन्हाच.

पिकाच्या नुकसानीची खबर तीन दिवसांच्या आंत, आणि गुरूं किंवा शेळी मारल्याची खबर ४८ तासांच्या आंत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनक्षेत्रपाल यांस द्यावी, असा शासनाचा नियम ठरलेला आहे. मेलेलें जनावर पंचनामा होईतों जागचें हलवूं नये. गुरांची भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्क्यांच्या हिशेबानें, ठरलेल्या मर्यादेपर्यंत मिळते. सातबाराचा उतारा व नुकसानीचीं छायाचित्रें तयार ठेवावीं. पुष्कळ शेतकरी "कोण खेटे घालणार" म्हणून खबरच देत नाहींत, आणि मग कागदोपत्रीं त्या गांवांत नुकसान झालेलेंच नसतें. पुढें कुंपणाची मागणी केली तर तिला आधार राहत नाहीं. खबर देणें हें स्वतःसाठीं तर आहेच, पण सर्व गांवासाठींही आहे.

तात्पर्य इतकेंच कीं, रानडुक्कर हा आपल्या शेताचा चोर आहे व बिबट्या हा आपल्या गोठ्याचा. चोर निराळे, त्यांच्या येण्याच्या वाटा निराळ्या, म्हणून कुलुपेंही निराळीं. डुकरासाठीं पाड्याची एकजूट व जागता माळा. बिबट्यासाठीं बंद गोठा व स्वच्छ अंगण. फांसा, तार व विष या तिहींनीं यांपैकीं कोणतेंच कुलूप बसत नाहीं. येत्या वाघबारशीस पाडा वाघोबापुढें जमेल तेव्हां पूजेबरोबर एवढ्या दोन गोष्टींचा विचार करून राखणीच्या पाळ्या व गोठ्यांचीं दारें ठरवून घ्यावीं, म्हणजे उभ्या पिकाची कापणीपर्यंतची राखण नीट पार पडेल व पुढील हंगामासही तीच घडी उपयोगीं पडेल.